बेंबीच्या देठापासून

वसमत तालुक्यातल्या दोन-चार गावांत सध्या मला 'बेंबीवाले गुर्जी' म्हणतात. उभी हयात मराठी व्याकरण शिकवण्यात गेली. समास, वृत्तं, अलंकार यांतलं काहीही कुणाच्या लक्षात राहिलं नाही, बेंबी तेवढी राहिली. परवा हिंगोलीच्या बसस्थानकावर एका अनोळखी बाईनं मला थांबवलं आणि म्हणाली, "सून सकाळधरनं आडवी पडलीय. बेंबट सरकलंय वाटतं. जरा बघता का?" त्या क्षणी मी भाषाशास्त्राचा नाद सोडायचं ठरवलं. सुटला नाही, ही गोष्ट वेगळी.

निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रा करतात, नाहीतर पासबुक भरून घ्यायला रोज बँकेत जातात. मला व्युत्पत्तीनं धरलं. हा रोग महाराष्ट्रात जुना आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावांच्या आणि माणसांच्या नावांची मुळं खणली, पु. ना. ओकांनी व्हॅटिकनची वाटिका केली. मधल्या काळात कृ. पां. कुलकर्ण्यांनी १९४६ साली 'मराठी व्युत्पत्ति कोश' काढून हे काम शिस्तीनं कसं करतात ते दाखवून दिलं होतं, पण शिस्त पाळायची तर निवृत्त कशाला व्हायचं?

निमित्त झालं पुतण्याचं. तो रीगाला डॉक्टरकी शिकतो. रीगा ही लाटवियाची राजधानी. लाटविया नक्की कुठं आहे हे आमच्या वहिनींना अजून कळलेलं नाही. 'रशियाच्या अलीकडं' एवढ्या माहितीवर त्यांचे उपासतापास चालू आहेत. देश लहान, १९ लाखांच्या आतबाहेर वस्तीचा. आमचा हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा निघालेला आणि मागासलेला म्हणून ओळखला जाणारा, तरी २०११च्या जनगणनेत त्याचीसुद्धा लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. म्हणजे दोन हिंगोल्या एकत्र केल्या तर एक लाटविया भरून वर थोडे लोक उरतील. या गणितानं मला त्या देशाबद्दल एकदम घरगुती आपुलकी वाटू लागली.

शेजारी लिथुआनिया. लाटवियन आणि लिथुआनियन या आज जिवंत असलेल्या दोनच बाल्टिक भाषा. तिसरी बहीण जुनी प्रशियन, ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गेली. लिथुआनियन भाषेची ख्याती अशी, की युरोपात अजून बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये इतकी जुनाट वळणं दुसऱ्या कुणी जपलेली नाहीत. आपले दूरचे पूर्वज कसे बोलत असतील हे ऐकायचं असेल तर लिथुआनियातल्या शेतकऱ्याचं बोलणं ऐकावं, असं मेये नावाच्या फ्रेंच पंडिताच्या नावावर सांगतात. मी हे वाचलं आणि खुर्चीतच सरसावून बसलो. शेतकऱ्याचं बोलणं ऐकण्यात माझी हयात गेली होती, फक्त ते लिथुआनियन नव्हते.

मग पुतण्याकरवी शब्दकोश मिळवला आणि डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव तपासू लागलो. डोळा म्हणजे आकिस, आपला अक्षि. दात म्हणजे दांतिस. नाक म्हणजे नोसिस, आपली नासिका. भुवई म्हणजे ब्रुविस. नख म्हणजे नागस. हा शेवटचा शब्द मी औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर एका पुजाऱ्यांना मोठ्या उत्साहानं सांगितला. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं त्याचं भाषांतर करण्याची गरज नाही.

दातांवर तर त्यांच्याकडे एक म्हणच आहे. देवानं दात दिले, तो भाकरीही देईल. तिकडची मंडळी हे वाक्य संस्कृतात करून दाखवतात आणि दोन्ही भाषा किती सारख्या म्हणून खूश होतात. त्यातला भाकरीचा शब्द दुओना. पंडित त्याची जोड वेदातल्या 'धाना'शी लावतात. धाना म्हणजे भाजलेलं धान्य, आपल्या लाह्या-फुटाण्यांच्या घराण्यातलं. आमच्याकडे याच विषयावर जी म्हण आहे ती अगदी उलटी. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. शब्द सारखे आले, देवावरचा विश्वास तेवढा वाटेत कुठेतरी सांडला. कापसाला भाव मिळत नाही अशा वर्षी आमचीच म्हण जास्त शास्त्रीय वाटते.

असा खाली उतरत उतरत मी पोटापर्यंत आलो आणि थांबलो. लिथुआनियन भाषेत बेंबीला म्हणतात बांबा.

मी शब्दकोश मिटला, चष्मा पुसला, पुन्हा उघडला. बांबाच होतं. बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "मग?" इतक्या मोठ्या शोधाचं स्वागत इतक्या लहान शब्दानं क्वचितच झालं असेल. पण माझं खरं डोकं फिरलं ते पुढचा शब्द वाचून. बांबाच्या खालोखाल क्रियापद होतं बांबेती, म्हणजे कुरकुरणे, बडबडत तक्रार करणे. आता मला सांगा, ज्या भाषेत बेंबी आहे आणि बोंब आहे, आणि ती बोंब बेंबीच्या देठापासूनच मारायची असा दंडक आहे, त्या भाषेच्या माणसानं बांबा आणि बांबेती शेजारी शेजारी पाहून काय निष्कर्ष काढायचा? मी काढला. लिथुआनियन लोक मूळचे मराठवाड्यातले. कयाधूच्या काठानं निघाले, कुरकुरत कुरकुरत बाल्टिक समुद्रापर्यंत गेले आणि मराठवाड्याचा माणूस जी गोष्ट कधीही मागे ठेवत नाही ती, म्हणजे तक्रार, सोबत घेऊन गेले.

लगेच पुतण्याला फोन लावला. तो शवविच्छेदनाच्या तासाहून नुकताच आला होता. म्हणाला, "काका, आमच्याकडे लाटवियनमध्ये बेंबीला नबा म्हणतात. आपली नाभी."

मी म्हणालो, "ते ठीक आहे. ते संस्कृतातलं झालं. मला मराठी पाहिजे."

पुढं त्याच्या ज्ञानात भर घालावी म्हणून मी त्याला पुस्तकात नुकताच वाचलेला नियम सांगितला. नातं नुसत्या दिसण्यावरून ठरत नाही, ध्वनी नियमानं बदलावे लागतात. संस्कृतात जिथं भ असतो तिथं बाल्टिक भाषांत ब येतो. भ्रू तिकडं ब्रुविस होते. असणे या अर्थाचा भू तिकडं बूती होतो. श असतो तिथं पुष्कळदा श टिकतो, शतम् म्हणजे शिम्तास. ह असतो तिथं झ सापडतो, हिम तिकडं झिएमा होतं आणि अर्थ हिवाळा.

पोरगं शांतपणे ऐकत होतं. मग म्हणालं, "मग नाभी आणि नबा बरोबर बसतं, भ ला ब. पण बांबा आणि बेंबीत भ कुठं आहे, काका?"

मी त्याला आवाज नीट येत नसल्याचं सांगून फोन ठेवला.

खरं तर हे मला ठाऊक होतं. पुस्तकात पुढच्याच पानावर लिहिलं होतं, की ब-म-ब असे ध्वनी माणसं जगभर गोल, फुगीर, टपोऱ्या वस्तूंसाठी स्वतंत्रपणे तयार करतात, ओठ फुगवून बोलायला ते सोपे पडतात म्हणून. लाटवियनमध्ये बुंबा म्हणजे चेंडू. काही जुन्या पंडितांनी लिथुआनियन बांबा आपल्या 'बिंब'च्या शेजारी नेऊन बसवला आहे, तोच बिंब, ज्याच्यावरून कवींनी तोंडल्याला बिंबफळ म्हटलं आणि सुंदरींच्या ओठांना लावलं. पण तिथंही भ-ब चा हिशोब जमत नाही, म्हणून बाकीचे पंडित मान हलवतात. नात्याचं असंच असतं. लग्नात सगळ्यांना कडकडून मिठ्या मारणारा माणूस शेवटी बँडवाल्याचा मित्र निघतो आणि सख्खा मामेभाऊ मागे पत्रावळ्या मोजत असतो. लाटवियनमध्ये यकृताला आक्नास म्हणतात. दिसायला काहीच साम्य नाही, पण आक्नास आणि यकृत मात्र खरोखर एका घरचे. लिथुआनियन लोकांनी तो जुना शब्द बोलीभाषांकडे लोटला आणि यकृताला केपेनिस असं नाव दिलं, भाजणे या क्रियापदावरून. म्हणजे अवयवाचं नाव त्यांनी शरीरावरून घेतलं नाही, चुलीवरून घेतलं. हे सगळं मी वाचलं, आवडलं, आणि त्या पानाला घडी घालून ठेवली. सिद्धांत एकदा आवडला की पुराव्याला थोडं बाहेर बसायला सांगावं लागतं.

फेब्रुवारी आला. २७ तारखेला कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. वसमतकडच्या एका गावातून व्याख्यानाचं बोलावणं आलं. विषय काय, असं विचारल्यावर मी दबदबा राहावा म्हणून सांगितलं, "बाल्टिक भाषा आणि मराठी बेंबी." फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग संयोजक म्हणाले, "चालतंय. मागच्या साली सर्पदंशावर ठिवलं होतं."

हिंगोलीहून वसमतला जायचं तर औंढ्यावरून जावं लागतं. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्रानं तिला २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात बसवायच्या आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याचा थरकाप इथं मोजायचा. एसटीच्या खिडकीतून मला वाटलं, दोन भुजा जिथं मिळतात तिथं बेंबी असणारच. त्यांनी विश्वाची कंपनं ऐकायची, मी बाल्टिक समुद्राची. दोघांचीही यंत्रं अजून तयार नव्हती.

गावात पोचलो तेव्हा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा चालू होता. "आज ठीक अकरा वाजता हिंगोलीचे सर बेंबीवर मार्गदर्शन करणार आहेत. तरी समस्त महिला मंडळानं आवर्जून यावं." 'मार्गदर्शन' हा शब्द पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ आहे. तेव्हा मला तो फक्त गौरवाचा वाटला.

हळदीचे दिवस. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या भागात या दिवसांत अंगणांत शिजवलेली हळद वाळत पडलेली असते आणि गावाला तिचा वास लागलेला असतो. मंडपात गर्दी चांगली होती. पुढं शाळेची पोरं, मागं तरुण मंडळी, डावीकडं बाया. बायांच्या पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, नऊवारी, हातात चंची, आणि ती माझ्याकडं अशी पाहत होती, जसा जुना वैद्य नव्या वैद्याकडं पाहतो.

मी नामदेवांपासून सुरुवात केली. आपल्या नरसीचा माणूस पंजाबात घुमानपर्यंत गेला, त्याची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्याच घुमानला २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरलं. नामदेव घुमानला पोचतात तर आपली बेंबी लिथुआनियाला का पोचू नये? टाळ्या पडल्या. इथंच थांबायला हवं होतं.

बेंबी हा शब्द भोंग्यातून पहिल्यांदा निघाला तेव्हा पोरं हसली. दुसऱ्यांदा निघाला तेव्हा शिक्षकही हसले. मग मागून एकानं विचारलं, "सर, ढेरीला काय म्हणतात तिकडं?" मी भोळेपणानं सांगितलं, पिल्वास. मंडपातल्या सगळ्या माना एकाच वेळी व्यासपीठावर बसलेल्या सरपंचांकडं वळल्या. त्यांचं पोट मोठं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, गावाच्या मात्र होतं. मला कळलंय त्याप्रमाणे गावात त्यांना आजही सरपंच म्हणत नाहीत.

सावरण्यासाठी मी हाताकडं वळलो. लिथुआनियन भाषेत हात म्हणजे रांका आणि तो वेचणे, गोळा करणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला, म्हणजे हात म्हणजे वेचणारा. कापूस वेचणाऱ्या बायांनी यावर एकमेकींकडं पाहिलं, एक-दोघींनी हातही पाहिले. मग जुन्या प्रशियनकडं आलो. ती भाषा मेली तरी तिच्या आठशे-दोन शब्दांची एक जुनी यादी राहिली आणि त्यात 'नबिस' असा शब्द आहे, ज्याचे अर्थ दोन, बेंबी आणि चाकाचा तुंबा. संस्कृतातल्या नाभीचेही हेच दोन अर्थ. एक म्हातारा शेतकरी काठीवर हनुवटी टेकून बसला होता, तो म्हणाला, "बराबरच हाय. आरे समदे तुंब्यातूनच निघतेत." मंडप शांत झाला. माझ्या अख्ख्या व्याख्यानात हीच एक गोष्ट खरी आणि भक्कम होती, आणि ती त्यानं एका वाक्यात उरकली. मला मात्र बांबाकडं जायची घाई होती. मी नबिसला तिथंच सोडलं आणि बोंबेवर आलो. शिमगा जवळ आलेला. मागच्या पोरांनी प्रात्यक्षिक करून दाखवलं. सभा तिथं संपली.

दुपारचं जेवण संयोजकांच्या शेतात होतं. रोडगे, वरण, तुपाची वाटी. त्याआधी शेकोटीवर भाजलेला ओल्या हरभऱ्याचा हुळा. हुळ्याचं एक असतं. घाटे सोलत सोलत गप्पा चालतात आणि किती पोटात गेला याचा हिशोब राहत नाही. शिवाय मला धाना आठवलं. भाजलेलं धान्य, दुओनाचं सख्खं. मी प्रत्येक मूठ तौलनिक भाषाशास्त्राच्या नावानं खाल्ली. तळहात काळे झाले, तोंड काळं झालं, वर रोडगे गेले, रोडग्यांवर तूप गेलं.

तासाभरात पोटात लाटा सुरू झाल्या. लायगोचं यंत्र तेव्हा उभं असतं तर त्यानं त्या नोंदवल्या असत्या. मी ओसरीवर आडवा झालो. संयोजकांनी सोडा आणायला पोरगं पिटाळलं. एवढ्यात ती सकाळची म्हातारी आली. मला वाटलं चौकशीला आली असेल. ती आली होती दोन सुना आणि एक नात घेऊन, तिघींची बेंबटं मला दाखवायला. मार्गदर्शनाचा अर्थ तिनं बरोबर तोच घेतला होता.

मला पाहून ती थांबली. माझ्या पोटावर दोन बोटं रुतवली, इकडं-तिकडं चाचपलं आणि जाहीर केलं, "आवं गुर्जी, तुमचंच बेंबट सरकलंय की!"

मी म्हणालो, "मावशी, अजीर्ण आहे. हुळा जास्त झाला."

"हुळा मी रोज खाते. सरकलंय. गप पडा."

यानंतर जे झालं ते वैद्यकशास्त्राला मान्य नाही आणि हिंगोलीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्याबद्दल मला खडसावलंही. पण ओसरीवर डॉक्टर नव्हते, म्हातारी होती. तिनं दोऱ्यानं बेंबीपासून दोन्ही पायांच्या अंगठ्यांपर्यंत माप घेतलं. दोरा एका बाजूला कमी भरला, हे तिनं साक्षीदारांना दाखवलं. मग हिंगाचं पाणी करून बेंबीत घातलं. माझ्या आईनं लहानपणी पोट दुखलं की हेच केलं होतं, त्यामुळं मी गहिवरलो आणि पुढं काय होणार याकडं माझं दुर्लक्ष झालं. तिनं कणकेचा दिवा करून पोटावर ठेवला, वात पेटवली आणि वर पितळी लोटा पालथा घातला. आत वात विझली. लोट्यानं माझं पोट असं काही पकडलं की रोडग्यांना, तुपाला आणि मला एकाच वेळी वर ओढल्यासारखं वाटलं.

याच मुहूर्तावर पुतण्याचा फोन आला. व्याख्यान कसं झालं हे त्याला विचारायचं होतं. संयोजकांनी उत्साहानं व्हिडिओ चालू करून मोबाइल माझ्या समोर धरला. रीगाच्या वसतिगृहात त्या घडीला कोण कोण माझं पोट पाहत होतं, याचा मी अजून विचार करत नाही.

"काका, हे काय आहे?"

"उपचार," मी म्हणालो. श्वास पुरत नव्हता.

मावशीनं विचारलं, "कोन हाय?"

"पुतण्या. परदेशात डॉक्टरकी शिकतो." आणि मग, पडल्या पडल्या, लोट्याखाली दबलेल्या अवस्थेतही माझ्यातला संशोधक जागा झाला. वाटलं, खऱ्या जाणकाराची साक्ष काढायची तर हीच वेळ. म्हणालो, "मावशी, एक सांगा. बांबा म्हणजे काय असेल?"

"बांबू का?"

"नाही. बांबा. शरीराचा भाग आहे."

तिनं विचार केला. सुनांनीही केला. "तसलं काय नाही आपल्यात," ती म्हणाली.

"आणि नबा?"

"नाभी. कोन्या येड्याला कळत नाही?"

मोबाइलमधून पुतण्याच्या हसण्याचा आवाज आला. त्याच्या मागं आणखी कुणाकुणाचे आले. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही तर बेंबट म्हणता, नाभी कुठून आली?"

"नाभी भजनात असती. बेंबी लेकरांची असती. बेंबट दुखतं तवाच म्हनायचं," ती म्हणाली. "तुम्ही मास्तर ना?"

लिथुआनियन आणि लाटवियन बहिणींनी एकेक शब्द वाटून घेतला. मराठवाड्याच्या ओसरीवर दोन्ही शब्द नांदत होते, वर तिसरा होता, आणि कुणी कधी कामाला यायचं तेही ठरलेलं होतं. मी हे टिपून घेण्यासाठी वहीकडं हात पुढं केला. मावशीला वाटलं, मी उठतोय.

"हालू नगा म्हनलं ना!" असं म्हणत तिनं एका हातानं मला दाबलं आणि दुसऱ्या हातानं लोटा तिरका करून हिसका दिला. लोटा सुटल्याचा आवाज बुचासारखा आला. माझ्या तोंडून जो निघाला तो कुठून निघाला ते मी शीर्षकात लिहिलेलंच आहे. अंगणात हळद चाळणाऱ्या बाया धावत आल्या, शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावणीला ताठ झाली, सोडा घेऊन परतणारं पोरगं बाटलीसकट फाटकातूनच मागं वळलं.

सगळं शांत झाल्यावर मोबाइलमधून पुतण्याचा आवाज आला.

"काका, आत्ताचा मात्र भ होता."